फेरो, तुली, लातुम : लॅटिनमधल्या एका ओझेवाहू क्रियापदाची भावकी

पडवी (धागाकर्ती)

मंडळी, लॅटिन शिकायला लागल्यापासून ज्या क्रियापदाने सगळ्यात जास्त छळलं आणि सगळ्यात जास्त मजाही आणली, त्याच्यासाठी हा धागा. अर्थ साधाच आहे: वाहून नेणे, आणणे, सोसणे. लॅटिन शब्दकोशात क्रियापदाची मुख्य रूपं ओळीने देतात. या क्रियापदाची ओळ अशी: फेरो (मी वाहतो), फेर्रे (वाहणे), तुली (मी वाहिलं), लातुम (वाहिलेलं). पहिली दोन भावंडं दिसतात. तिसरं आणि चौथं कुणाच्या घरून आलं, काही कळत नाही.

आधी सोपा भाग उरकते. वर्तमानकाळ चालतो तो असा: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. आता संस्कृतातला भृ चालवा: भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. ग्रीकच्या डोरिक बोलीत 'ते वाहतात' याला फेरोन्ति. गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातेवाईक भाषेत बेरन्द. शाळेत ज्यांनी लट् लकार (वर्तमानकाळ) घोकलाय त्यांना हे वाचून गुदगुल्या झाल्या पाहिजेत. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांच्या मागे 'भेर्' असा एक मूळ धातू कल्पितात. शब्दाच्या सुरुवातीचा तो भ संस्कृतात भ राहिला, ग्रीक आणि लॅटिनमध्ये फ झाला आणि फारसी, जर्मन, इंग्रजी, रशियन, आयरिश या सगळीकडे ब झाला. (ग्रीकमधला फ जुन्या काळी आपल्या 'फळ'मधला होता, लॅटिनमधला 'फोन'मधला. आपण दोन्ही एकाच अक्षरात लिहून मोकळे होतो.) भ्राता, फ्रातेर, ब्रदर, बिरादर ही साखळी याच नियमाने जुळते.

इंग्रजीत या क्रियापदाने धुमाकूळ घातलाय. रेफर, ऑफर, प्रेफर, डिफर, कॉन्फरन्स आणि सोसणे या अर्थाचं सफर हे सगळे 'फेरो'कडचे. रिलेट, कोलेट, ट्रान्सलेट हे 'लातुम'कडचे. म्हणजे साहेबाची ट्रान्सफर आणि कवितेचं ट्रान्सलेशन हे एकाच क्रियापदाचे दोन काळ आहेत: पलीकडे नेणे आणि पलीकडे नेलेलं.

माझे दोन प्रश्न. हे 'तुली' आणि 'लातुम' मधेच कुठून उपटले? आणि मराठीत या खानदानाचं कोण कोण नांदतंय?

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय.

एक बाळबोध शंका. फेरो म्हणजे आपला फेरा, फेरी, फेरीवाला का? तोही बिचारा दिवसभर डोक्यावर ओझंच वाहतो. आणि भाऊच्या धक्क्यावरची फेरी बोट?

खडूफळा

चहाबाज, फेरीवाला ओझं वाहतो हे सोळा आणे खरं, पण सोयरीक जुळत नाही. फेरा, फेरी, फिरणे ही प्राकृतातल्या 'फिर'वरची मंडळी. बोटीची फेरी इंग्रजीतली आणि तिचा धातू 'ओलांडून जाणे' या अर्थाचा, म्हणजे तिचं जमलंच तर आपल्या 'पार'शी जमतं. भ चा फ होतो तो लॅटिनमध्ये. मराठीत नातेवाईक हुडकायचे तर फ सोडा, भ धरा.

भ धरला की किती धरू आणि किती सोडू असं होतं. भार, भारा, भारी, भर, भरणे, भरणा, भरती, भरीव, भरवणे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, भृ दोनदा येतो. पहिल्या गणात 'भृञ् भरणे', रूप भरति. तिसऱ्या गणात 'डुभृञ् धारणपोषणयोः', रूप बिभर्ति. धारण आणि पोषण ही दोन टोकं लक्षात ठेवा. भार, संभार हे धारणाकडचे. भर्ता, भार्या, भृत्य हे पोषणाकडचे. भर्ता म्हणजे पोसणारा, भार्या म्हणजे जिला पोसायचं ती, भृत्य म्हणजे ज्याला पोसायचं तो. बायको आणि गडी व्याकरणाने एका पंगतीत बसवलेत, त्यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा. बाळाला आपण 'भरवतो' त्यातही मला ते पोषण दिसतं.

जुना, निव्वळ 'घेऊन येणे' हा अर्थ ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात आहे: 'नमो भरन्त एमसि', नमस्कार घेऊन आम्ही येत आहोत. महाभारतात शकुंतलेला दुष्यंत ओळख देईना तेव्हा आकाशवाणी होते, 'भरस्व पुत्रं दुष्यन्त', पोराचं भरणपोषण कर. म्हणून पोराचं नाव भरत. कालिदासाने तेच नाव पुढे 'लोकस्य भरणात्' असं सोडवलंय. घरातल्या पोटगीच्या दाव्यातून निघालेलं नाव त्याने राजाच्या कर्तव्यावर नेऊन बसवलं.

पुढे अभिजात संस्कृतात 'नेणे, आणणे' हे काम बरंचसं हृ धातूने बळकावलं. आहरति, हरति वगैरे. वेदात जिथे 'जभार' दिसतं तिथे नंतरच्या संस्कृतात 'जहार'. परंपरेतल्या वैयाकरणांना हे दिसत होतं, म्हणून वार्तिक (पाणिनीच्या सूत्राला जोडलेली पुरवणी) आहे: 'हृग्रहोर्भश्छन्दसि'. म्हणजे वेदात हृ आणि ग्रह् यांच्या ह चा भ होतो. लग्नातला 'गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्' आठवा, तिथे गृह्णामि नाही, गृभ्णामि आहे. ग्रह् च्या बाबतीत आजचे अभ्यासक म्हणतात की जुना भ च झिजून ह झाला. भृ आणि हृ मात्र ते दोन वेगळे धातू मानतात. आवाज आणि अर्थ जवळ आल्यामुळे एकमेकांच्या शेतात शिरलेले.

आणि पडवीताई, तुमच्या कोष्टकात एक गोष्ट सुटली. भरति मध्ये तीन अक्षरं, फेर्त मध्ये मधला स्वर गायब. बरेच जण म्हणतात लॅटिनने तो खाल्ला. पण ऋग्वेदात क्वचित 'भर्ति' असंही रूप आहे, भरति नव्हे. तेव्हा फेर्त कदाचित झिजलेलं नसून जुनंच असेल, असं म्हणणारेही आहेत. मला हा दुसरा पक्ष आवडतो, पण तेवढ्या 'भर्ति'वर घर बांधायचं म्हणजे पाया जरा अरुंद.

पडवी

खडूफळा सर, दंडवत. 'भर्ति' माहीत नव्हतं.

तुलीबद्दल मीच थोडं शोधलं ते लिहिते. तुली हे मुळात 'तोल्लो' या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदाचं भूतकाळी रूप. तोल्लो म्हणजे मी उचलतो. या धातूचा अर्थ उचलून धरणे, सोसणे. टॉलरेट त्यातूनच. ग्रीकमध्ये तालान्तोन म्हणजे तराजू आणि त्यावरचं वजन. इंग्रजीतला टॅलंट तिथून निघाला. आणि आपल्याकडे तुला, तोल, तोलणे, तुळणे, तोळा. म्हणजे लॅटिनचं 'मी वाहिलं' हे सोनाराच्या काट्यावर बसलंय.

लातुमही त्याच घरचं. ते आधी 'त्लातुम' होतं. शब्दाच्या तोंडाशी 'त्ल' उच्चारायला रोमन लोकांची जीभ तयार नव्हती, त्यांनी त गिळला. ग्रीकांनी तो ठेवला (त्लेतोस), वेल्शनेही ठेवला: त्यांच्याकडे 'त्लाउद' म्हणजे गरीब. सोसणारा तो गरीब.

फेरोने तोल्लोचा भूतकाळ पळवल्यावर तोल्लोची पंचाईत झाली. त्याने मग उपसर्ग लावलेलं 'सुस्तुली' आणि 'सुब्लातुम' अंगावर घेतलं. स्वतःचं घर भाड्याने देऊन शेजारी राहायला गेल्यासारखं. आणि प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या जुन्या नाटकांत तुली नाही, 'तेतुली' आहे. पुढचा ते नंतर गळाला, पण 'रेत्तुली' (मी परत आणलं) मध्ये दोन त दिसतात ते त्याच ते चं उरलेलं हाड.

पण एका क्रियापदाने दुसऱ्याचा भूतकाळ का पळवावा हे अजून कळलेलं नाही.

खडूफळा

का पळवावा? तुम्ही स्वतः रोज पळवता की. 'मी जातो' पण 'मी गेलो'. 'जाला' का म्हणत नाही? जातो हा 'या' नावाच्या धातूवरून (याति), गेला हा गम् वरून (गत). होतो हा भू वरून, झाला हा जन् वरून (जात). आपलं लक्षही जात नाही. परभाषेतलं कोष्टक समोर आलं की मात्र कपाळाला आठ्या.

भेर् च्या बाबतीत नेहमी दिलं जाणारं कारण असं: त्याच्या अर्थातच लांबण आहे. वाहणे म्हणजे वाहत राहणे, चालू क्रिया. 'एकदाचं उचललं, संपलं' हे सांगायला त्याच्यापाशी रूपच नव्हतं, मग ज्याच्या अर्थात क्षणाचा झटका आहे असा धातू उसना घेतला. उचलणे हा त्यासाठी अगदी योग्य. ग्रीकांचीही हीच गत: वर्तमानकाळ फेरो, भविष्यकाळ ओइसो, भूतकाळ एनेन्का. तीन काळ, तीन धातू. जुन्या आयरिशमध्ये 'बेरिद'चा साधा भूतकाळ त्याच धातूचा, पण 'नेऊन झालंय' असं पूर्ण झालेलं काम सांगायला तिथेही दुसराच धातू. संस्कृताने मात्र भृ चा भूतकाळ भृ मधूनच काढला: बभार, जभार.

म्हापशेकार

आमच्या कोंकणीत 'वचप' म्हणजे जाणे. हांव वतां, पण हांव गेलों. आणि 'जालें' म्हणजे झालं. खडूफळा सरांचा मुद्दा आमच्याकडे आणखी घट्ट बसतो.

पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या आजोबांकडून ऐकून थोडं पोर्तुगीज येतं. त्यात 'सोफ्रेर' आहे, 'ओफेरेसेर' आहे, 'प्रेफेरीर' आहे. पण निव्वळ 'वाहणे' याला फेर्रे नाही! आणायचं तर 'त्राझेर', न्यायचं तर 'लेव्हार'. आई गेली आणि लेकरं राहिली?

पडवी

अगदी तसंच झालं. लॅटिनची जी पोरं झाली, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, त्यातल्या एकीतही सुटं फेर्रे वाचलं नाही. बाजारात, शेतावर बोलणाऱ्याला 'फेरो, तुली, लातुम' कोण लक्षात ठेवणार? त्यांनी सरळ चालणारं 'पोर्तारे' उचललं (फ्रेंच पोर्ते, इटालियन पोर्तारे, हमाल या अर्थाचा आपला पोर्टर तिथलाच). स्पॅनिशने 'येव्हार' आणि पोर्तुगीजने 'लेव्हार' घेतलं, दोन्हीचं मूळ लेवारे, म्हणजे उचलणे. गंमत बघा, तुलीच्या वेळी उचलण्याने वाहण्याची जागा घेतली होती, हजार वर्षांनी पुन्हा तेच. उपसर्गाच्या पाठीवर बसलेलं फेर्रे तेवढं तरलं, कारण तिथे त्याला त्याचा विचित्र भूतकाळ सोडून देता आला.

कांदाचाळ

मी भाषेतला माणूस नाही, पण धागा वाचून सकाळची पट्टी पुन्हा खिशातून काढली.

आमच्याकडे कांदा मार्केटला घातला की हिशेबपट्टी मिळते. वर क्विंटल, भाव, एकूण रक्कम. खाली कपात. कपातीत तीन ओळी आहेत: हमाली, तोलाई, भराई. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तोलाई म्हणजे तुली आणि भराई म्हणजे फेरो ना? म्हणजे अख्खं लॅटिन क्रियापद आमच्या पट्टीवर कापून घेतात. ट्रॅक्टर सरळ भुईकाट्यावर उभा राहतो, माणसाने हाताने तोलायचं काही उरलं नाही, तरी तोलाई सुटत नाही. तुली अनियमित आहे म्हणता, आमच्याकडे तर अगदी नियमित आहे.

बाकी हमाली कुणाची?

दफ्तरदार

कांदाचाळ, तुमच्या पट्टीला फ्रेम करा राव!

हमाली अरबी. ह-म-ल या तीन व्यंजनांचा अर्थच वाहणे. हम्माल म्हणजे वाहणारा. त्याच मुळावरून उर्दूत गरोदर बाईला 'हामिला' म्हणतात. अरबीचं कुळ वेगळं, भेर् शी तिचं रक्ताचं नातं नाही. पण एका पट्टीवर तीन ओळी, तिन्ही 'ओझं उचलणे' या अर्थाच्या: एक अरबस्तानातून, दोन घरच्या.

आणि कांदा ज्या गोणीत भरता ते बारदान विसरलात. फारसीत 'बार' म्हणजे ओझं, तो भेर् चाच सख्खा फारसी अवतार. ओझं ठेवायचं ते बारदान. फारसी क्रियापद 'बुर्दन', वर्तमानकाळी 'मी-बरम', मी नेतो. तोच 'बर' शेपटाला लावला की पैगाम नेणारा तो पैगंबर, दिल नेणारा तो दिलबर. प्राचीन इराणचा सम्राट दार्‍यवहू याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात अंकित देश त्याच्याकडे खंडणी 'आणत' असत, तिथलं क्रियापदही हेच.

मोडी कागद चाळताना रोज भेटणारा आमचा नातेवाईक म्हणजे बारगीर. फारसीत मुळात ओझ्याचं जनावर. मराठी फौजेत ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचं तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या तेव्हा तिकडच्या लोकांनी या बारगिरांचं 'बर्गी' केलं. अजून बंगाली आया पोराला झोपवताना 'बर्गी आले देशात' म्हणून गातात. बुलबुलींनी धान खाल्लं, आता शेतसारा कुठून भरू, असं पुढे आहे. आपल्याकडे या स्वाऱ्यांचा अभिमानाने उल्लेख होतो. त्यांच्या अंगाईत आपण बागुलबुवा आहोत, हे माहीत असलेलं बरं.

ठाम_मत

सगळं वाचलं. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? भरति, फेर्त, बेरन्द, बर. संस्कृतातून सगळ्या निघाल्या असं सरळ म्हणा की. 'भेर्' नावाचा धातू कुठल्या शिलालेखात आहे? पाश्चात्त्यांनी घरी बसून रचलेला धातू आपण का मानायचा?

चहाबाज

आला. वाटच बघत होतो.

खडूफळा

ठाम_मत, प्रश्न रास्त आहे, टिंगल नको. 'भेर्' कुठेही कोरलेला नाही, तो मागे जाऊन काढलेला आहे. पण संस्कृत हीच सगळ्यांची आई नाही, याचा पुरावा संस्कृतातच आहे आणि तो तुम्ही शाळेत पाठ केलाय.

कृ धातूचा लिट् (परोक्ष भूतकाळ) सांगा: चकार. गम् चा: जगाम. धातूचं पहिलं अक्षर दुप्पट करायचं तर 'ककार', 'गगाम' व्हायला हवं. पहिल्या क चा च का झाला? पाणिनी नियम देतो, 'कुहोश्चुः': द्वित्वातल्या कवर्गाचा चवर्ग होतो. होतो हे खरं. पण का? दोन्हीकडे पुढे अ किंवा आ च आहे, मग एकाचा च आणि एकाचा क कसा?

आता लॅटिनकडे बघा. तिथे द्वित्वातला स्वर ए असतो. पडवीताईंचं तेतुली. ग्रीकमध्येही ए: गेगोना. आता समजा संस्कृताच्या आधीच्या अवस्थेत तिथे 'केकोर' असं काही होतं. ए हा जिभेच्या पुढच्या भागाने उच्चारायचा स्वर, तो आपल्या आधीच्या क ला ओढून च करतो. ओ तसं करत नाही. नंतर ए आणि ओ दोन्ही अ मध्ये विरले आणि उरलं 'चकार'. खूण राहिली, खूण करणारा गेला. लॅटिनच्या 'क्वे' (आणि) समोर संस्कृत 'च', 'क्विन्क्वे' समोर 'पञ्च' हे त्याच कारणाने. 1870 च्या दशकात एकाच वेळी अनेक अभ्यासकांच्या हे लक्षात आलं.

म्हणजे अशी एक अवस्था होती जिथे ए, ओ, अ वेगळे होते. लॅटिन आणि ग्रीकने ते जपले, संस्कृताने एकात घोळले. लॅटिन जर संस्कृतातून निघाली असती तर एका अ मधून कुठे ए करायचा आणि कुठे ओ, हे तिला कोण सांगणार होतं? आणि ते बरोबर च-क च्या खुणांशी जुळलं कसं असतं? याच्या उलट भ, ध, घ संस्कृताने जपले, लॅटिनने घोळले. प्रत्येकीने आजीचे थोडे दागिने ठेवले, थोडे मोडले.

यात संस्कृताचा कमीपणा कुठेच नाही. फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने 1816 मध्ये क्रियापदांच्या रूपांची तुलना छापली तेव्हा संस्कृत हाताशी नसतं तर त्याला एक पाऊल टाकता आलं नसतं. ग्रीक आणि लॅटिन हजारो वर्षं शेजारी शेजारी शिकवल्या गेल्या, पण प्रत्यय आणि धातू यांची चीर स्पष्ट दिसली ती पाणिनीच्या परंपरेमुळे.

ठाम_मत

चकारचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मत बदललं असं नाही. पण पाणिनीने 'का' सांगितलं नाही म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं होत नाही.

खडूफळा

मान्य. त्याचं काम 'कसं' सांगायचं होतं आणि त्यात त्याचा हात धरणारा अजून जन्मलेला नाही.

म्हापशेकार

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगणारं कलकत्त्याच्या विल्यम जोन्सचं 1786 चं भाषण या विषयात सगळे सांगतात, पण दोनशे वर्षं आधी हे आमच्या बाजूला लोकांच्या लक्षात आलं होतं. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स यांनी 1583 मध्ये गोव्याहून भावाला पत्र पाठवलं, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असं म्हटलंय. दोनच वर्षांनी फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांची सांगड घातली: सहा, सात, आठ, नऊ, देव, सर्प. तो 1588 मध्ये गोव्यातच वारला. दोन्ही पत्रं छापून यायला मात्र फार उशीर झाला, नाहीतर जोन्ससाहेबांच्या आधी गोंयकारांचं नाव लागलं असतं.

बर्फातला_मावळा

उशिरा आलो, शिफ्ट होती. जर्मनीत राहतो, इथला मालमसाला देतो.

गेबेरेन म्हणजे जन्म देणे, ब्युर्दं म्हणजे ओझं, बारं म्हणजे स्ट्रेचर. इंग्रजीत बर्थ आणि बर्डन. रशियन सहकारी सांगते की त्यांच्याकडे 'बिरू' म्हणजे मी घेतो. 'वाहतो'चं 'घेतो' झालं. पण 'ब्रेम्या' म्हणजे ओझं आणि गरोदर बाई म्हणजे 'बिरेमेन्नाया'. वर दफ्तरदारांनी हामिला सांगितलंय त्याची रशियन बहीण. (संस्कृतात भर्मन् आहे का हो सर? ब्रेम्या शी जुळतंय.)

मला सगळ्यात आवडतो तो जर्मनचा 'बार' प्रत्यय. फ्रुख्टबार म्हणजे फळ धरणारं, सुपीक. लॅटिनमध्ये हुबेहूब 'फ्रुगिफेर'. फारसीत पैगंबर. आणि मराठीत वाटीभर, मूठभर, घरभर. चारही भाषांनी या धातूला शेपूट करून वापरलं. जर्मनमध्ये पुढे त्याचा अर्थ पातळ होत 'करण्याजोगं' एवढाच राहिला (एसबार, खाण्याजोगं). तुलीचं घराणंही आहे: दुल्डन म्हणजे सोसणे, गेडुल्ड म्हणजे धीर. इथल्या सरकारी कचेरीत रांगेत उभं राहताना गेडुल्ड लागतो.

आणि 'दान्कबार'. म्हणजे कृतज्ञ, शब्दशः आभार वाहणारा. आपला 'आभारी' फोडा: आ अधिक भार. दोन्हीत तोच भेर् बसलाय.

खडूफळा

भर्मन् आहे, आणि ब्रेम्याशी त्याचं नातं मानतात. चांगली नजर.

'भर'बद्दल एक पुरवणी. मराठीत भरणे म्हणजे वाहणे उरलंच नाही, ओझं लादता लादता भांडं पूर्ण करण्यावर अर्थ स्थिरावला. मग तो सुसाट सुटला. शाळा भरते, बाजार भरतो, फी भरतो, कापरं भरतं, दिवस भरतात, ओटी भरतात, पापाचा घडा भरतो, समुद्राला भरती येते, पोलिसातही भरती होते.

शेवंती

वाचनमात्र होते, राहवलं नाही. संस्कृत व्याकरणात पंचमीने दाखवायच्या अर्थाला अपादान म्हणतात, 'ध्रुवमपायेऽपादानम्'. लॅटिनमधल्या त्या विभक्तीला ॲब्लेटिव्ह म्हणतात ना? त्यात लातुम आहे का?

पडवी

आहे! आब-लातुम, दूर नेलेलं. आणि अपादान म्हणजे दूर घेणे. दोन्हीकडच्या वैयाकरणांनी एकमेकांचं तोंड न बघता जवळपास तेच नाव ठेवलं.

ग्रीक बाजूही राहिली होती. मेटाफर म्हणजे 'पलीकडे नेणे', लॅटिनच्या ट्रान्सलेशनचा ग्रीक जुळा. पेरिफेरेइया म्हणजे भोवती नेलेली रेघ. रोमनांनी त्याचं शब्दाला शब्द लावून 'सर्कमफेरेन्तिया' केलं, शाळेत आपण परीघ म्हणून शिकलो तोच. फॉस्फरस म्हणजे प्रकाश आणणारा, पहाटेची शुक्राची चांदणी. लॅटिनमध्ये त्याच चांदणीचं नाव लुसिफेर, ज्याचा पुढे सैतान झाला. एकच तारा: एका भाषेत काडेपेटीच्या कडेला लागला, दुसरीत नरकात गेला.

चहाबाज

शेवटचे दोन, मग झोपतो. भाऊ म्हणजे भ्राता, तोही भार वाहणारा म्हणून भ्राता का? आणि लोखंडाला केमिस्ट्रीत फेरम, फेरस म्हणतात ते?

खडूफळा

भ्राता भृ वरून काढायची जुनी पद्धत आहे, ऐकायला गोड वाटते, पण आज ती धरत नाहीत. फेरम चा फेरोशी काही संबंध नाही. लोखंड जड असतं, एवढ्यावर नातं लावू नका.

पडवी

चहाबाज, लोखंड नाही पण चोर आहे. लॅटिनमध्ये 'फूर', ग्रीकमध्ये 'फोर' म्हणजे चोर. उचलून नेतो तो, आपल्याकडे उचल्या म्हणतात तसा. इंग्रजी फर्टिव्ह त्यातून. बिळात शिरून सशाला बाहेर काढणारं ते मुंगसासारखं दिसणारं फेरेट माहितेय ना? त्याचं नावही तिथलंच: छोटा चोर.